प्लॅस्टिकच्या रेघांतलं कुंकू

हैबतआबांची नक्कल करायला सगळ्यात सोपी. आधी घसा खाकरायचा, पण अर्धाच. मग उजव्या हाताचं बोट एकेका शब्दाला हवेत टेकवत जायचं, समोर पाटी असल्यासारखं. "नळीवर नंबर. नंबर रजिस्टरात. रजिस्टर चौकीत. मंग भ्या कुनाचं?"

गणपतीत आमच्या चांदे गावाच्या स्टेजवर मी हे केलं, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले आबाच सगळ्यात मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक मारून म्हणाले, "वैष्णे, 'रजिस्टर' म्हनताना मी डोळं मिटतो. त्येवढं ऱ्हायलं बघ."

आता ती नक्कल मी करत नाही. आणखी एक आवाज आहे, तोही काढत नाही. म्हणजे काढत नव्हते. त्याचंच हे सांगायचंय.

आबा आमचे शेजारी, भिंतीला भिंत. वय सत्तरीच्या पुढं. डोक्याला टोपी, पायात गाडीच्या टायरच्या चपला, आणि घरात एक एकनळी बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. पूर्वी डोंगरातनं रानडुकरं भाताच्या खाचरांत उतरायची, त्यांच्यासाठी घेतलेली. आता खाचरांच्या जागी बिल्डिंगी आहेत. आबांच्याच उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या सहा खोल्या आहेत आणि तिथं हिंजवडीतले वॉचमन, वेल्डर, कॅबवाले भाड्यानं राहतात. डुकरं डोंगराच्या पलीकडं गेली. परवाना मात्र आबा मुदत संपायच्या आधीच नवा करून आणायचे.

"डुक्कर न्हाई तर बंदूक कशाला ठिवलीय?" माझे पप्पा त्यांना चिडवायचे.

"परवाना सोडला तर नंबर कुनाच्या नावावर ऱ्हायचा? अनाथ व्हईल की ती."

खरं तर पप्पांनी चिडवू नये. पप्पा सात वर्षांचे असताना तुटलेल्या पतंगामागं आबांच्या भातात शिरले होते. भात कमरेएवढं, हलत होतं. आबांनी बंदूक खांद्याला लावली, खटका ओढायचा तेवढा राहिला, आणि भातातनं आधी पतंगाची शेपटी वर आली. त्या दिवसानंतर आबांनी त्या बंदुकीत काडतूस घातलं नाही. काडतुसं सगळी मोजलेली, डब्यात बंद. "म्होरं कोन हाय त्ये बंदुकीला दिसत न्हाई," एवढंच म्हणायचे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडं जमा करायच्या असतात. बाकीचे लोक नोटीस यायची वाट बघतात. आबा नोटिशीच्या आधी निघायचे. त्यांच्या बायकोनं, गोजराआजीनं, जुन्या लुगड्याची खोळ शिवलेली, त्यात बंदूक घालून, खांद्यावर टाकून, चालत चौकीपर्यंत. कुणी गाडीवर बसा म्हटलं तरी नाही. आणि दारातनं गोजराआजी दरवेळी तेच ओरडायची: "निघाली व्हय सवत म्हायेराला! जाऊ दे, चार दिवस मला बी घर मोकळं!"

असा माणूस. त्यांच्या भाडेकरूंचे पडताळणीचे फॉर्म चौकीत सगळ्यात आधी पोचायचे, आधार कार्डाची झेरॉक्स जोडून. एक खोली सोडून. सहाव्या खोलीचा फॉर्म आबांनी भरला नाही, कारण तिथं शंभू होता. शंभू म्हणजे आबांच्या जांबे गावात दिलेल्या बहिणीचा नातू. गोजराआजीच म्हणाली होती, "घरच्या पोराचा कसला फारम? उंद्या माझा बी भराल!"

शंभू तेवीस वर्षांचा. कंपनीत कंत्राटावर होता, कंत्राट संपलं. मग त्यानं थ्रीडी प्रिंटर आणला आणि खोलीतच धंदा मांडला. मोबाइलचे स्टँड, गाडीतले गणपती, दारावरच्या पाट्या, वाढदिवसाच्या केकवर खोचायला 'भाई'चं नाव. आमच्याकडं भाई इतके झालेत की धंदा बरा चालायचा. मशीनमध्ये प्लॅस्टिकची तार जाते, वितळते आणि बारीक रेघेवर रेघ घालत वस्तू उभी राहते. गोजराआजी पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे शेवयाचंच यंतर की. वाळत घालायचं काम तेवढं वाचलं."

मला त्या मशीनचा आवाज फार आवडला. टुईं-टुईं-झिर्रऽ, टुईं-टुईं-झिर्रऽ, आणि मधेच एक बारीक 'टक्', विचार करायला थांबल्यासारखा. दोन दिवसांत तो मला जमला. जीभ टाळूला लावून, दातांतनं हवा सोडत. मी खिडकीखाली बसून काढायचे आणि शंभू आतनं धावत बाहेर यायचा, मशीन आपोआप चालू झालं म्हणून. "वैष्णे, तुला कंपनीत घेतील गं! वीज वाचंल त्यांची!"

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आबांच्या ओसरीवर सगळी हत्यारं-अवजारं मांडायची रीत: विळे, कोयता, कुऱ्हाड, आजीचं शिलाई मशीन, मधोमध पाटावर एकनळी. यंदा आबा म्हणाले, "शंभ्या, तुझं बी यंतर आन. ज्याच्यावर पोट, त्याला हळद." प्रिंटर आला. त्याला झेंडूची माळ घातली. त्याच्याबरोबर एका पुठ्ठ्याच्या खोक्यात चार राखाडी वस्तू होत्या. नाकाड, ओबडधोबड पिस्तुलं. लहान मुलाला कुणी चिखलातनं करून द्यावीत तशी.

"ही रं काय?"

"खेळणी हायेत आबा. रील बनवनाऱ्या पोरांची ऑर्डर."

"खेळन्यातलं असलं तरी हत्यारच की. ठेव पाटावर."

शंभूनं जरा वेळ लावला. आज आठवलं की तो वेळ मला फार लांब वाटतो. पण ठेवली. आबांनी एकेकावर आधी हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकवाचं, आणि सवयीनं मोजत गेले, "एक, दोन, तीन, चार." प्लॅस्टिकच्या त्या बारीक रेघांत कुंकू जाऊन बसलं. शंभूनं नंतर एकाला अंगठ्यानं घासून बघितलं, निघेना. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कोन बघतंय?"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं वाटली, आणि मी आजीला प्रिंटरचा आवाज काढून दाखवला.

थंडीत झेडपीची निवडणूक लागली. आबांनी खोळ काढली. आजीनं सवतीला निरोप दिला. रविवार होता म्हणून मीही गेले; चौकीतल्या अर्जांवरचं बारीक अक्षर आबांना आता दिसत नाही, आणि मला युनूस हवालदारांचा आवाज ऐकायचा होता. ते नाकातनं बोलतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी दमतात. लाजवाब नक्कल होते त्यांची.

"या आबा," युनूस हवालदार म्हणाले, "तुमी आलात म्हंजे आचारसंहिता लागली. आमी पेपर बघतच न्हाई."

त्यांनी नळीवरचा नंबर रजिस्टराशी ताडून बघितला, आबांनी डोळे मिटले, पावती फाटली. तेव्हा टेबलाच्या कडेला एक पारदर्शक पिशवी पडली होती. तिला लाखेचं सील. आत राखाडी प्लॅस्टिकचे तुकडे.

"हे काय ओ?" मीच विचारलं. कशाला विचारलं, कोण जाणे.

"ही? ही नव्या जमान्याची बंदूक. घरात पिरिंट मारलेली." हवालदार दमले. मग पुन्हा सुरू झाले. "म्हाळुंग्यात साइटवर पान्याच्या टँकरवरनं भांडन. किशोर म्हनून एक पोरगं, त्यानं ही काढली आन दाबली. त्याच्याच हातात फुटली. दोन बोटं गेली त्याची. सांगतंय काय, तर रस्त्यात सापडली."

"म्होरं कोन हुतं?" आबांनी विचारलं.

"टँकरचा डायव्हर. वाचला."

"वाचला," आबा म्हणाले.

"नशीब. आता तुमीच सांगा आबा, ह्याचा परवाना कुनी काढायचा?" हवालदार हसले. "कायदा हाय की. परवान्याबिगर बंदूक बनवली की गुन्हा. लोखंडाची बनवा न्हाईतर गुळाची बनवा. पन कायद्याला धरायला कायतरी लागतं का न्हाई? गावठी कट्टा असला तर आननारा असतो, इकनारा असतो, कुनीतरी फुटतो. हितं पोरानं दार लावलं आन मशीन चालू केली. ह्याला ना नंबर, ना रजिस्टर."

"मंग लिवलं काय तुमी?"

हवालदारांनी कागद उचलून वाचला. "'राखाडी रंगाच्या प्लॅस्टिकचे तुकडे, सात नग. त्यावर लाल डाग.' किशोरचंच रक्त आसंल. लॅबला जायाचंय."

मी पिशवीकडं बघितलं. सगळ्यात मोठ्या तुकड्यावर, बारीक रेघांमध्ये, लाल. आणि लालच्या खाली पिवळं.

रक्ताच्या खाली हळद नसते.

आबांकडं बघायची माझी हिंमत होईना. त्यांचं बोट हवेत अर्धवट उचललेलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. मग त्यांनी पावतीची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "येतो." दोघांनीही पाहिलं आणि दोघंही चौकीच्या पायऱ्या उतरलो.

आबा पुढं चालत राहिले, मी मागं. आमच्या वळणावर थांबले. "वैष्णे, ऐकू येतंय?"

"काय आबा?"

"शंभ्याचं यंतर."

खोल्या अजून अर्धा किलोमीटर लांब होत्या. मी नाही म्हटलं.

त्यानंतर ते सारखं सुरू झालं. जेवताना घास हातात धरून थांबायचे. आमच्या ओसरीवर पप्पांशी बोलता बोलता मान वळवायचे. शंभू जांब्याला गेलेला, खोलीला कुलूप, तरी दुपारी कुलपाला कान लावून उभे. गोजराआजी पप्पांना म्हणाली, "कानात वारं शिरलंय म्हाताऱ्याच्या." एकदा मी घरात, सवयीनं, भांडी घासताना तो आवाज काढला. टुईं-टुईं-झिर्रऽ. भिंतीपलीकडं तांब्या पडला. मी गेले तर आबा मोरीपाशी उभे होते, पाय भिजलेले, आणि माझ्याकडं असे बघत होते जसं भातातनं काहीतरी वर यायची वाट बघतायत. तेव्हापासून मी तो आवाज बंद केला.

चौथ्या दिवशी शंभू परत आल्यावर दुपारी त्यांनी त्याला ओसरीवर बोलावलं. आजी सुपात तांदूळ पाखडत होती, मी तिच्याजवळ.

"चार व्हती," आबा म्हणाले.

"काय चार?"

"म्या मोजून कुंकू लावलं. चार. एक चौकीत हाय, पिशवीत. बाकी कुटं हायेत?"

शंभूचा चेहरा इतका झटकन लहान झाला की मला तो शाळेतला वाटला. "आबा, त्यांनी मागितली म्हनून दिली. मला वाटलं प्लॅस्टिकच हाय, चालनार थोडीच? फाईल नेटवर पडलेली. म्या न्हाई तर दुसऱ्यानं मारली असती पिरिंट."

"कुटं हायेत?"

"तिघांकडं."

आजीचं सूप थांबलं. "काय बोलताय तुमी दोघं?"

"तू चल माझ्यासंगं," आबा शंभूला म्हणाले. "चौकीत."

"अवो, पोराला आत टाकतील!" आजी उठलीच. "बहिनीला काय तोंड दाखवाल? त्या किशोऱ्यानं नाव घेतलं न्हाई, कुनाला कायबी ठावं न्हाई, आन तुमी आपल्या पायानं..."

"मला ठावं हाय."

"मंग इसरा!"

"इसरतोय की. चार दिस झालं इसरतोय."

शंभू रडत नव्हता, चिडला होता. "आबा, तुमी बंदूक जमा करता म्हनून तुमाला वाटतं कायदा चालतो. तो तुमच्यावरच चालतो, कारन तुमी चालत जाता. ते तिघं जानार हायेत व्हय चालत? उंद्या कुनीबी आपल्या खोलीत बनवंल. कितींना धरनार?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, हरले. शंभूचं खरंच होतं की.

"न्हाई जानार," ते शेवटी म्हणाले. "म्हनून तर तू चल. त्यांची नावं तुलाच ठावं हायेत. आन शंभ्या, त्यातली एक फुटनार न्हाई. एकीच्या म्होरं कुनाचंतरी पोर आसंल. पतंगाची शेपटी दर येळंला वर येत न्हाई बाबा."

त्यांनी आधी कुणाकडं बघितलं नव्हतं. ते म्हणताना माझ्याकडं बघितलं. पप्पांच्या मुलीकडं.

शंभू गेला. ओढत नाही नेला, आबांच्या पाठोपाठ स्वतः चालला, दहा पावलं मागं. निघायच्या आधी आबांनी एकच मागितलं. "ती फाईल कुटं ठिवलीस? ती बी दे. जमा करू." शंभूनं पेन ड्राइव्ह काढून दिला. आबांनी तो तळहातावर धरला, उलटा करून बघितला, त्यावर नंबर शोधला. मग बंदुकीची रिकामी खोळ काढली, पेन ड्राइव्ह तिच्यात तळाशी टाकला, तोंडाला नाडी बांधली आणि खोळ खांद्यावर घेतली. इतक्या मोठ्या खोळीत इतकुशी वस्तू. कुणी हसलं नाही. गोजराआजी दारात आली, पण ओरडली नाही.

शंभूचा जबाब तीन तास चालला. बाहेर बाकावर आबा सरळ बसून होते, शेजारी मी; मीही मागोमाग गेले होते. चहा आला तो निवला. मग आत बोलावलं, तेव्हा त्यांनी खोळ टेबलावर ठेवली.

"आबा," युनूस हवालदार म्हणाले, आणि त्या दिवशी ते दमत नव्हते, "ह्याची कॉपी असती. जगभर पडलीय ही फाईल. ही जमा केली म्हंजे गेली असं न्हाई."

"ठावं हाय. ही तरी घ्या. आन तुमच्या कागदावर ते लाल लिवलंय ना, ते रगत न्हाई. कुंकू हाय. म्या लावलंय. तसं लिवा."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं. आणि आबांनी आणखी काहीतरी हवं असल्यासारखं उभं राहिल्यावर त्यांनी पेन ड्राइव्हचीही पावती फाडून दिली, जप्तीचा नंबर घालून.

त्या उरलेल्या बंदुकांतल्या दोन मिळाल्या. एक बॅनर छापणाऱ्याच्या कपाटात होती, दुसरी नदीकाठी प्लॅस्टिकच्या डब्यात पुरलेली. दोन्हींवर कुंकू होतं. तिसरी ज्याच्याकडं होती त्यानं पुढं दिली, आणि त्या पुढच्यानं आणखी पुढं, आणि तिथनं पुढचं नाव कुणालाच माहीत नाही. शंभू अजून आत आहे. वकील म्हणतो, स्वतःहून आला त्याचा उपयोग होईल, कधी ते सांगत नाही. आबांच्या परवान्याची चौकशी लागलीय: खोली त्यांची, फॉर्म भरलेला नाही. निवडणूक झाली, सगळ्यांच्या बंदुका घरी आल्या. आबांची आली नाही. जांब्याच्या बहिणीनं येणं बंद केलं. गोजराआजी आबांना जेवायला वाढते, पण हाक मारत नाही, ताट ठेवून आत जाते.

परवा दुपारी आबांनी भिंतीवरनं मला बोलावलं. ओसरीवर एकटेच होते.

"वैष्णे, ते यंतर कसं वाजायचं गं? काढ बरं."

"नको आबा."

"काढ म्हनतो न्हवं. मला एक बघायचंय."

मी काढला. आधी हळू. टुईं-टुईं-झिर्रऽ. आबांनी डोळे मिटले. टुईं-टुईं-झिर्रऽ, टक्. मला वाटलं थरथरतील, पण ते अगदी शांत बसले होते, गाणं ऐकल्यासारखे. मग मी थांबले.

"थांबलीस?"

"थांबले."

"कवा?"

"केव्हाच, आबा."

त्यांनी मान डोलावली. "मंग हे कुटनं येतंय?"

मी कान दिला. माझा कान गावात सगळ्यात तिखट, हे सगळे म्हणतात. टँकर मागं घेतानाचा भोंगा. पलीकडं लोखंड कापणारं कटर. आत आजीचा मिक्सर सुरू झाला, बंद झाला. आणि तो बंद झाल्यावर, रस्त्यापलीकडच्या नव्या बिल्डिंगच्या कुठल्यातरी उघड्या खिडकीतनं, खूप बारीक, रेघेवर रेघ घातल्यासारखं.

कुणी मोबाइलचा स्टँड करत असेल. गाडीतला गणपती असेल. बहुतेक तेच असेल.

"वैष्णे?"

"आजीचा मिक्सर आहे, आबा."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. खोटं बोलताना माझा आवाज कसा होतो हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनी तो ओळखला. मग त्यांनी खिशातनं पेन ड्राइव्हची पावती काढली. घड्या पडून ती मधे फाटायला आली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"नंबर वाच."

मी वाचला.

बिल्डिंगमधला आवाज एक क्षण थांबला, टक् झालं, पुन्हा सुरू झाला.

"परत वाच," आबा म्हणाले.